दुर्दैवी कोण, लुटारू कोण?

१ जुलै १८६५ या तारखेची मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कित्येक महिने आधीपासून धास्ती घेतली होती. शेअरबाजारातल्या असंख्य वायद्यांची पूर्तता त्या दिवशी व्हायची होती. चार वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. त्या पैशातून मुंबईत बँका, कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजना उगवल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा वायदे पुरे करायला पैसा कुणाकडेच उरला नव्हता.

या शेअरमेनियाचा मध्यवर्ती माणूस प्रेमचंद रायचंद. भर तेजीत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर बांधून पुरा झाला, तेव्हा देणाऱ्याची ती जुनी श्रीमंती केव्हाच लयाला गेली होती. दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हा सगळा खेळ जवळून पाहिला. पुढे वृत्तपत्रांतून आणि पुस्तकांतून त्यांनी तो सांगितला, प्रेमचंदांचं चरित्रही लिहिलं. त्यांच्या लेखनात दिवाळखोर झालेल्या माणसांविषयी सहानुभूती आहे, पण त्या सहानुभूतीखाली त्यांनी हिशेब पुसलेला नाही. कर्ज कुणी दिलं, कशाच्या तारणावर दिलं, संचालकांनी डोळे का मिटले, हे सगळं त्यांनी मांडलं. बँक ऑफ बॉम्बे बुडाली त्यावर सरकारला १८६८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. इतक्या मोठ्या पडझडीला नशिबाचा फेरा म्हणून मोकळं होता येत नाही, हे तेव्हाच्या छापील जगाला कळू लागलं होतं.

मात्र हे कळणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांमध्ये ‘दुर्दैवी’ हे विशेषण कुणाला मिळायचं आणि कुणाला नाकारलं जायचं, ते पाहायचं असेल तर मुंबईहून उत्तरेला, खानदेशाच्या वायव्य टोकाला जावं लागतं. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये मोलगी हे गाव आहे. भगर, आमचूर, मोहाची फुलं आणि डोंगरातलं धान्य विकायला आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं मोलगीच्या आठवडे बाजाराला उतरतात. जवळच्या काठीची राजवाडी होळी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इंग्रजी अमलात या डोंगरांतली गावं काठीसारख्या मेवासी संस्थानिकांच्या ताब्यात होती. खालच्या सपाटीवरचा कापूस मुंबईत सोनं होत होता. वरच्या डोंगरातला भिल्ल मात्र बातमीत यायचाच झाला तर एकाच नावाने येई, आणि ते नाव सरकारने आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

१८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली ती याच माणसांना ‘वळणावर’ आणण्यासाठी. १८५७ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत शेकडो भिल्ल लढले. सरकारी कागदांत हे सगळे लुटारू आणि दरोडेखोर. मुंबईत शेअरच्या नादाने दुसऱ्याचा पैसा बुडवणारा माणूस ‘दैवाने मारलेला’ ठरत होता. डोंगरात जमीन आणि जंगल गमावलेल्या माणसाला मात्र दैवाची सबबसुद्धा मिळत नव्हती.

मराठी पत्रकारितेने दैवाशी झुंज घेतली ती अगदी आरंभापासून. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघालं. १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ सुरू केलं आणि १८४८ पासून त्यात गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रं लिहिली. पेशवाई का बुडाली, हा त्या काळी प्रत्येकाच्या मनातला प्रश्न होता. ग्रह फिरले, कलियुग आलं, ईश्वराची इच्छा, ही उत्तरं घरोघर तयार होती. लोकहितवादींनी त्यातलं एकही मान्य केलं नाही. आळस, अज्ञान, जातीचा अहंकार, ज्योतिषावरची भिस्त आणि व्यापाराविषयीची अनास्था, अशी कारणांची यादी त्यांनी वाचकांपुढे ठेवली. त्यांच्या मतांवर वाद झाले आणि होतही राहतील. एका राज्याच्या अपयशाची चर्चा मात्र त्यांनी पत्रिकेच्या घरांमधून बाहेर काढली.

तरी बातमीची भाषा लगेच बदलली नाही. आगबोट बुडाली, गिरणीला आग लागली, घाटात गाडी उलटली की ‘दैवदुर्विपाकाने’ हा शब्द जवळपास आपोआप येई. माणूस बुडाला तर त्याला ‘जलसमाधी’ मिळे, अपघातात मेला तर ‘काळाने घाला’ घातलेला असे. संस्कृत वळणाच्या या भाषेत शोकाचं गांभीर्य होतं आणि ते खोटं नव्हतं. मृताच्या नातेवाइकांनी ते वाचलं तर त्यांना आपल्या दुःखाचा मान राखला गेल्यासारखं वाटे. उणीव होती ती एवढीच की, अशा वाक्यात कर्त्याची जागा काळाने किंवा दैवाने घेतलेली असे. कंपनी, कंत्राटदार, सावकार, कलेक्टर यांतलं कुणी मग त्या वाक्यात मावत नसे.

कापसाचा भाव पडल्याची झळ जेव्हा शेतापर्यंत पोचली, तेव्हा ही रिकामी जागा डोळ्यांत भरू लागली. तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं होतं, मंदीत तो कोर्टाची जप्ती घेऊन दारात आला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले. दंगा गावोगाव पसरला आणि सरकारने आयोग नेमला. या आयोगाच्या अहवालात कापसाची तेजी, मग मंदी, वाढलेला सारा आणि कर्जाचा कायदा अशी साखळी उलगडली. मुंबईच्या १८६५ च्या पडझडीचं एक टोक सुप्याच्या बाजारात निघालं.

पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. १८७७ च्या मे महिन्यात जोतीराव फुल्यांनी पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाच्या वतीने सुरू झालेल्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी जाहीर आवाहन केलं. उपाशी मुलांसाठी मदत मागणारं हे निवेदन वर्तमानपत्रातून लोकांपर्यंत गेलं. त्याच वर्षाच्या आरंभी कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केलं होतं. शेतकऱ्यांच्या आणि कामकऱ्यांच्या बाजूने उभं राहणारं हे पत्र. ब्राह्मणेतर समाजातली लिहिणारी माणसं आता स्वतःच्या हालांचं वर्णन स्वतः करू लागली आणि त्या वर्णनात नशिबाला फार थोडी जागा होती. फुल्यांच्या लेखी शेतकऱ्याच्या दारिद्र्याला नाव-गाव होतं: भटशाही, सावकारी आणि सरकारी अंमलदार.

१८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने याच वाटेवर पुढचं पाऊल टाकलं. सरकारने आधीच्या दुष्काळानंतर दुष्काळसंहिता तयार केली होती. पीक किती आण्यांखाली गेलं की सारा तहकूब करायचा, कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, याची कलमं तिच्यात होती. ती इंग्रजीत होती आणि ज्यांच्यासाठी होती त्यांना तिचा पत्ता नव्हता. टिळकांनी ती मराठीतून लोकांना समजावून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव गेली, आणेवारीची चौकशी करू लागली आणि कायद्याने मिळणारी सूट मागा, भिऊ नका, असं सांगू लागली. पाऊस पडला नाही हे देवाचं असेल, पण सवलत मिळाली नाही हे मामलेदाराचं आहे, इतका स्पष्ट भेद ‘केसरी’च्या वाचकापुढे ठेवला गेला. सरकारला हे रुचलं नाही. मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली आणि त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती मात्र वेगळ्या लेखांसाठी.

त्यानंतर दोनच वर्षांनी ‘छप्पन्न’चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरात, राजस्थान, खानदेश सगळा पट्टा होरपळला. भिल्लांच्या मुलखाला त्याचा तडाखा विशेष बसला, कारण त्यांच्याकडे साठा नव्हता, पत नव्हती आणि जंगलावर आता सरकारी पहारा होता. भुकेल्या जमावाने धान्य उचललं की नोंद गुन्ह्याखाली व्हायची. आणेवारी समजावून सांगणारं पत्र पुण्यात छापलं जात होतं आणि ज्याच्या गावात शाळाच नाही त्याला ते वाचता येत नव्हतं. मराठी पत्रकारितेच्या त्या अभिमानास्पद पर्वाची ही सीमारेषा होती, आणि ती सातपुड्याच्या पायथ्याशीच थांबत होती.

ही सीमारेषा वर्णाची आणि जातीचीही होती. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे मोजून जाहिरात द्यायची तयारी असतानाही ‘केसरी’ने या नव्या पत्राची जाहिरात घेतली नव्हती. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिने नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. जन्माला दैव मानणाऱ्या समाजाला त्यांनी ती एक इमारत म्हणून दाखवली, आणि इमारत म्हटली की ती बांधणारेही आले. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडलं. वर्गणीदार थोडे आणि पैशाची ओढाताण कायमची, हे त्या काळच्या बहुतेक लहान पत्रांचं प्राक्तन होतं. चार वर्षांनी ‘बहिष्कृत भारत’ निघालं आणि काम पुढे गेलं.

माणसांप्रमाणे व्यवसायांवरही दुर्दैवाचा शिक्का बसे, आणि तो घट्ट बसला कोकणातल्या एका आगबोट कंपनीवर. किनाऱ्यावरची वाहतूक गोऱ्या मालकीच्या कंपनीच्या हातात होती, तिला टक्कर द्यायला स्वदेशीच्या उत्साहात भारतीय भागधारकांची इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. नावातच आपलेपणा होता, काही बोटींना संतांची नावं होती. ११ नोव्हेंबर १९२७ ला वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या तिच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सुमारे सातशे माणसं होती. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, माणसं एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

तीन बोटी, तीन नावं, अमावास्या आणि पावसाळा. एवढी सामग्री हाताशी असताना ‘अपेशी कंपनी’ची गोष्ट रचणं सोपं होतं, आणि ती रचली गेलीही. रेवस-अलिबागच्या बाजूला आजही ती तशीच सांगितली जाते. पण दुर्घटनेच्या हकिकती नीट वाचल्या तर दुसऱ्याच गोष्टी ठसठशीत दिसतात. भर पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात बोट सोडली गेली. तिच्यावर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. बोट किनाऱ्यापासून फार लांब गेलेली नव्हती, तरी ती बुडाल्याचं मुंबईला कित्येक तास कळलं नाही. जे वाचले त्यांतल्या अनेकांना आसपासच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांमध्ये ओढून घेतलं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. देशाच्या फाळणीच्या आणि सत्तांतराच्या बातम्यांनी पानं भरली होती, आणि सणासाठी घरी निघालेल्या या माणसांची हकिकत थोड्याच दिवसांत मागे पडली. अशा वेळी दैव हा शब्द कामाला येतो, कारण तो लिहिला की पुढची चौकशी करावी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही भाषा खऱ्या अर्थाने बदलली ती खानदेशातच. सातपुड्यातल्या डोंगरउतारावरून पोटासाठी खाली उतरलेले आदिवासी शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत सालदार म्हणून राबत होते. त्यांतल्या कित्येकांच्या जमिनी कर्जापायी मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. मे १९७१ मध्ये शहाद्याजवळच्या पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींना लुटारू ठरवून त्यांच्यावर बंदुका चालवण्यात आल्या. शब्द तोच होता, शंभर वर्षांपूर्वीचा. या वेळी मात्र तो छापून झाल्यावरही प्रश्न शिल्लक राहिले, कारण ते विचारणारी माणसं होती. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, सर्वोदयाच्या कामातून पुढे आले होते. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

पुण्याहून निघणाऱ्या श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकाने शहाद्याचं हे वास्तव शहरी वाचकापुढे मांडलं. ते वाचून अस्वस्थ झालेली तरुण मुलं तिकडे गेली आणि काही तिथलीच झाली. इंजिनिअर असलेले कुमार शिराळकर त्यांतले एक. ‘उठ वेड्या, तोड बेड्या’ ही त्यांची पुस्तिका याच अनुभवातून आली. या लेखनात आदिवासी बिचारा नाही आणि लुटारूही नाही. त्याची जमीन कोणत्या साली, किती कर्जापायी, कुणाच्या नावावर चढली हे त्यात येतं. ‘दीनबंधु’ने आणि ‘केसरी’ने दुष्काळात जी रीत घालून दिली होती, ती पाऊणशे वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आली.

डोंगर चढून ती मोलगीच्या मागच्या खोऱ्यांत पोचली, त्याला सरदार सरोवर कारण झालं. या धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहेतीस गावं होती. नर्मदेच्या काठावरचं मणिबेली हे त्यांतलं पहिलं. १९९१ पासून तिथे सत्याग्रह झाला आणि १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरं-शेतं पाण्याखाली जाऊ लागली. तोपर्यंत या गावांची नावंही बहुतेक मराठी वाचकांनी ऐकली नव्हती. आता वार्ताहर पायी डोंगर ओलांडून काठावर येऊ लागले. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याची तरतूद होती. पण वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासीच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून कागदावर तो अतिक्रमणदार होता. भरपाईच्या यादीत बसवायचं तर आधी त्याचं असणं सिद्ध करावं लागत होतं. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या या त्रुटींवर बोट ठेवलं आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारला बँकेच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडावं लागलं.

याच सुमाराला बातम्यांमधलं आणखी एक वळण पक्कं झालं. दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. दुर्दैवी माणसाच्या मागे दैव होतं, प्रकल्पग्रस्ताच्या मागे प्रकल्प आहे. त्याचं कार्यालय आहे, अधिकारी आहेत, फाइल आहे. या शब्दांतही माणूस पीडितच राहतो, हा आक्षेप खरा आहे. मणिबेली, चिमलखेडीच्या माणसांनी मात्र त्याच काळात नर्मदाकाठी जीवनशाळा सुरू केल्या, स्वतःच्या मुलांना पावरी-भिलोरीतून शिकवायला घेतलं, आणि आपण नुसते ग्रस्त नाही हे कृतीने दाखवलं.

धरण थांबलं नाही. १७ सप्टेंबर २०१७ ला त्याचं लोकार्पण झालं आणि दोन वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. काठावरची काही कुटुंबं तळोदा तालुक्यातल्या सोमावल, रोझव्याच्या पुनर्वसन वसाहतींत गेली, काही डोंगरात वर सरकली.

मोलगी आजही बातमीत येते ती बहुतेक वेळा पावसाळ्यात. बाळंतीण अडली, सर्पदंश झाला, कुपोषित बाळ दगावलं, जीप दरीत गेली. पण नंदुरबारच्या स्थानिक वार्ताहरांनी या बातमीचा साचा स्वतः बदलत आणला आहे. रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून नेताना दिसलं की ते तिला ‘बांबूलन्स’ म्हणतात आणि फोटोखाली पाड्याचं नाव, तिथून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर आणि तो रस्ता कोणत्या साली मंजूर झाला होता हे लिहितात. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात किती पदं रिकामी आहेत, नर्मदेवरचा तरंगता दवाखाना त्या आठवड्यात चालू होता का, १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकली, हे प्रश्न त्याच बातमीत असतात. मुंबईच्या पानांवर येईपर्यंत यातला बराचसा मजकूर जागेअभावी कापला जातो आणि ‘दुर्गम भागातली दुर्दैवी घटना’ एवढंच शिल्लक राहतं. कापला गेलेला हाच तपशील दुसऱ्या दिवशी तहसीलदाराच्या टेबलावर मोलगीचे लोक घेऊन जातात, कारण त्या चार ओळींत रस्त्याची तारीख असते.